ज्योतीपुढचा हात

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले एक चित्र असे आहे की ते पाहिले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. म्हैसूरला जाऊन पाहिलेले मात्र थोडे. एक तरुण स्त्री उभी आहे. एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीपुढे धरलेला. बोटे उजेडाने आतून तांबूस झाली आहेत. चेहऱ्यावर आणि पदरावर तोच उजेड, आणि बाकी अंधार. चित्रात दुसरे काही घडत नाही. ना कुणी देव, ना पुराणातला प्रसंग, ना वाट पाहणारा प्रियकर. कॅलेंडरांवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर, मिठाईच्या खोक्यांवर आणि आता मोबाईलवर ही बाई वर्षानुवर्षे आपल्या घरी येत आली आहे, आणि पुष्कळदा तिच्यासोबत एक नाव येते : राजा रविवर्मा.

रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ मधले आहे. या दोन आकड्यांमध्ये चाळीसएक वर्षांचे अंतर आहे आणि खरे म्हणजे वाद इथेच मिटायला हवा. चित्राचे नाव 'ग्लो ऑफ होप', चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर, राहणार मुंबई, मूळचे सावंतवाडीचे. चित्रातली स्त्री त्यांची मुलगी गीता. यातले काहीही गुप्त नाही. तरीही हे चित्र पुन्हा पुन्हा रविवर्म्यांच्या खात्यावर जमा होते. मला या लेखात चित्राच्या सौंदर्यापेक्षा या जमाखर्चाबद्दल बोलायचे आहे. सौंदर्याबद्दल न बोलता ते जमणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

मी जोगेश्वरी पूर्वेला राहतो. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी नोकरी गेली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवणे, हा आमचा वार्षिक सण. लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास फ्रेम करून देणारी जी दुकाने होती, त्यांच्याशी त्यामुळे माझा कायमचा संबंध. तिथे भिंतीवर ठरलेली मंडळी असत : साईबाबा, शिवाजी महाराज, बाबासाहेब, मक्का-मदिना, येशू, धबधबा, आणि ही दिवा घेतलेली बाई. जोगेश्वरीत कुठल्या घरात काय टांगलेले असेल हे दारावरच्या नावावरून साधारण सांगता येते. ही बाई तेवढी कुठल्याही घरात सापडे. चाळीतही, सोसायटीतही, हिंदूंच्याही आणि ख्रिस्ती घरातही. ती कुठल्याच देवघरातली नसल्यामुळे तिला सगळीकडे जागा मिळाली असावी. फ्रेमवाल्याला 'ही कोणाची?' विचारले की उत्तर तयार असे. तो काही चित्रकलेचा इतिहासकार नव्हता. त्याच्याकडे छापील प्रत आली तीच मुळी नावासकट आली होती.

हळदणकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८२ चा. सावंतवाडीच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मुलाचा हात ओळखला आणि त्यांच्याच मदतीने तो मुंबईला सर ज. जी. कला विद्यालयात पोहोचला. कोकणातून मुंबईत आलेल्या त्या पिढीतल्या बहुतेकांची गोष्ट कुठल्या तरी मास्तरापासून सुरू होते. माझ्या धंद्याचा अभिमान म्हणून हे नमूद करतो. जे.जे.चे प्राचार्य तेव्हा सेसिल बर्न्स होते. शिकवणाऱ्यांत आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद होते, गोव्याचे, आणि त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्रां' म्हणत. ही पदवी थोडी दवंडीसारखी वाटते, पण त्रिंदादांची चित्रे पाहिली की ती का चिकटली ते कळते. पणजीच्या फुंदासांव ओरिएंतमध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे. घरातल्याच माणसांची, पत्नीची आणि मुलींची, व्यक्तिचित्रे त्यांनी केली. मागे गडद, मऊ अंधार, आणि त्यातून हळूच पुढे आलेला चेहरा. आपल्याच घरातली स्त्री, कुठल्याही नाट्याशिवाय, उजेड-अंधारात बसवायची ही वाट हळदणकरांना अशी आयती दिसलेली होती.

१९०८ साली, म्हणजे पंचविशीत, त्यांनी मुंबईत 'हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट' ही स्वतःची संस्था काढली. पुढच्याच वर्षी काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण दोन्हींचे गिऱ्हाईक एकच होते : मुंबईतला नव्याने पगारदार झालेला मराठी मध्यमवर्ग, ज्याला वाचायला काही हवे होते आणि मुलांना शिकवायला चित्रकलेचा मास्तर हवा होता. १९१८ मध्ये हळदणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आर्ट सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली. त्याआधी मुंबईत १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी होती, पण तिच्यावर दीर्घकाळ साहेबांची छाप होती. हिंदी चित्रकारांना आपले म्हणावे असे व्यासपीठ हवे होते. हळदणकर पुढे या संस्थेचे अध्यक्षही झाले. शिकवणारा, संस्था उभारणारा, प्रदर्शने मांडणारा आणि उरलेल्या वेळात चित्र काढणारा, असा हा माणूस. ३० मे १९६८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.

आता चित्राकडे येतो, आणि त्यातल्या त्या एका गोष्टीकडे जी छापील प्रतीत कधीच दिसत नाही. हे चित्र जलरंगात आहे.

छापील प्रत पाहणाऱ्याला ते तैलरंगातले वाटते. इतका खोल अंधार, इतका गच्च उजेड तैलरंगातच होतो, असा आपला समज. रविवर्म्यांचे नाव जोडण्यात या समजाचा हात आहे, कारण रविवर्मा म्हणजे तैलरंग, हे शाळेतल्या मुलालाही माहीत. पण मी म्हैसूरला जाऊन समोर उभा राहिलो तेव्हा मला आधी दिसला तो कागद. तिथे चित्राभोवती मुद्दाम अंधार राखतात, म्हणजे दिव्याचा उजेड उठून दिसतो. लोक त्या अंधारात शिरतात, 'आहा' म्हणतात आणि बाहेर पडतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका प्रवाशाने आपल्या बायकोला रविवर्म्याची थोरवी समजावून सांगितली. मी काही बोललो नाही. सहलीला आलेल्या माणसाचा रसभंग करू नये.

जलरंगात असे चित्र करणे म्हणजे काय, हे थोडे सांगतो. चित्रे न काढणाऱ्या वाचकाने कंटाळू नये. तैलरंगात पांढरा रंग नळीतून येतो. चित्रकार आधी अंधार भरून घेतो, मग मधले करडे-तपकिरी, आणि सर्वांत शेवटी जाड ब्रशने उजेड ठेवतो. चुकले तर खरवडायचे, वर दुसरा थर द्यायचा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. उजेड नंतर ठेवता येत नाही. पहिल्या हातापासून तो राखून ठेवावा लागतो. म्हणजे तैलरंगात दिवा शेवटी लागतो, आणि जलरंगात आधी दिवा लावून मग त्याच्याभोवती रात्र पाडत जायचे. ही रात्र पाडणे अवघड. गडद रंग एका दमात दिला तर फाटल्यासारखा दिसतो, थरांवर थर दिले तर खालचा थर सुटून सगळे गढूळ होते. कागद किती ओला आहे, किती वाळला आहे, यावर सारा खेळ. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतही नाही आणि ओलाही राहत नाही. माझ्या वर्गात चाळीस वर्षांत शेकडो मुलांनी दिवाळीची पणती रंगवली असेल. ज्योत सगळ्यांना जमायची, ज्योतीच्या पाठीमागचा काळोख दोघा-तिघांनाच.

हळदणकरांनी हे मुद्दाम केले, असे सांगितले जाते. सहकारी चित्रकारांमध्ये बोलणे निघाले, आणि एकही चूक न होऊ देता असे चित्र जलरंगात करून दाखवण्याची ईर्ष्या त्यांच्या मनात आली. ही आख्यायिका शब्दशः खरी असो-नसो, चित्र पाहिल्यावर ती पटते. ६३ वर्षांच्या, उभा जन्म शिकवण्यात घालवलेल्या माणसाने 'हे असे करायचे असते' म्हणून घातलेला हा धडा आहे. त्यात वयाची घाई नाही. बोटांमधून झिरपणारा लाल उजेड पाहा. तिथे लाल रंग भरलेला नाही; कागदाचा उजेड पातळ रंगातून मागून येतो आहे. खऱ्या बोटांतून दिव्याचा उजेड जसा येतो, तसाच. साधन आणि विषय इतके एकजीव झालेले चित्र तैलरंगात होऊच शकत नाही, असे माझे मत. कलेच्या प्राध्यापकांना ते थोडे जास्तीचे वाटेल.

ज्योतीपुढे हात धरणे ही काही चित्रकाराने शोधलेली ढब नाही. आमच्या जोगेश्वरीच्या लेण्यात हे कुणालाही पाहता येते. हे लेणे सहाव्या शतकातले, शैव. मधल्या गाभाऱ्याला चारी बाजूंनी दारे आहेत आणि लेणे आरपार उघडे असल्यामुळे आत वारा फिरत असतो. जोगेश्वरीच्या दर्शनाला दिवा घेऊन येणारी बाई उतरताना सहजच तळहात आडवा धरते. मुलांना रेखाटने करायला मी तिथे नेत असे, आणि खांबांपेक्षा त्यांना हेच पाहायला सांगत असे : हात आडवा झाला की बाईचा चेहरा एकदम उजळतो आणि तिच्या पाठीमागचे लेणे नाहीसे होते. हात वारा अडवतो, आणि ज्योतीचा झगझगीतपणा आपल्या डोळ्यांपासून दूर ठेवून उजेड चेहऱ्याकडे वळवतो. घरातले साधे काम आणि चित्रकाराची सोय, दोन्ही एकाच तळहातात.

ही सोय जगात दुसऱ्यांनीही ओळखली होती. फ्रान्समधला जॉर्ज द ला तूर हा सतराव्या शतकातला चित्रकार, जन्म १५९३, मृत्यू १६५२. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचे एक चित्र आहे : सुतारकाम करणारा वृद्ध योसेफ, आणि त्याला उजेड दाखवणारा लहान येशू. मुलाच्या हातात मेणबत्ती आहे, दुसरा हात ज्योतीपुढे धरलेला, आणि बोटे आतून तांबूस. हळदणकरांनी हे चित्र पाहिले होते असा माझा दावा नाही, आणि त्याची गरजही नाही. दिवा आणि हात दोन्ही ठिकाणी तेच होते. मला ला तूर आठवतो तो वेगळ्याच कारणासाठी. मेल्यानंतर हा चित्रकार जवळजवळ अडीचशे वर्षे साफ विसरला गेला. चित्रे राहिली, लोक ती पाहतही राहिले, पण ती दुसऱ्यांच्या नावावर गेली. रेनच्या संग्रहालयातले त्याचे 'नवजात' हे शांत चित्र, मेणबत्तीच्या उजेडातली आई आणि तान्हे मूल, ल नँ या दुसऱ्या चित्रकाराचे समजले जाई. १९१५ साली हेरमान फॉस या जर्मन अभ्यासकाने धागे जुळवून ला तूरला त्याची चित्रे परत केली. कागदपत्रे, सह्या, शैली यांचा ताळा बसवण्याचे ते काम होते. आपल्याकडे एवढ्याचीही गरज नव्हती. हळदणकर वारल्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत, त्यांचे विद्यार्थी महाराष्ट्रभर होते, मुलगा गजानन चित्रकार होता, आणि चित्रातली मुलगी परवापरवापर्यंत कोल्हापुरात हयात होती. तरीही.

मग हे झाले कसे? सोपे कारण असे की म्हैसूरचा राजवाडा रविवर्म्यांचेही घर आहे. १८६१ मध्ये बांधलेल्या या राजवाड्यात १९१५ पासून चित्रसंग्रह मांडला गेला, आणि वाडियारांनी रविवर्म्यांकडून घेतलेली अस्सल चित्रे त्यातली मोठी ठेव. निरनिराळ्या प्रांतांच्या पेहरावातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या स्त्रियांचा तो प्रसिद्ध समूह तिथेच आहे. एका दालनात रविवर्मा पाहून आलेला माणूस दुसऱ्या दालनात साडी नेसलेली सुंदर स्त्री पाहतो. त्याचे गणित चटकन जुळते.

दुसरे कारण छापखान्याचे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. रविवर्मा वारल्यावरही 'रविवर्मा प्रेस' कित्येक दशके चित्रे छापत राहिला, आणि ती सगळी रविवर्म्यांची नव्हती. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्यांची चित्रेही या नावाखाली घरोघर गेली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने 'रविवर्मा' हे माणसाचे नाव राहिलेच नाही. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे ते मालाचे नाव झाले. खरी वाटणारी, नटलेली, देखणी बाई म्हणजे रविवर्मा.

पण मला यापेक्षा तिसरे कारण जास्त बोचते, आणि त्यात फ्रेमवाल्याचा किंवा छापखान्याचा काही दोष नाही. दोष शिकल्यासवरलेल्यांचा आहे. आपण भारतीय चित्रकलेचा इतिहास शिकतो तो ठरावीक मुक्कामांचा. आधी रविवर्मा. मग हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर, बंगालचे पुनरुज्जीवन. मग अमृता शेरगिल. मग १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. या रुळावर हळदणकरांना स्टेशनच नाही. बंगालवाल्यांच्या दृष्टीने मुंबईचे वास्तवदर्शी चित्रकार म्हणजे साहेबाची नक्कल करणारे. प्रोग्रेसिव्हांच्या दृष्टीने तेच लोक म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बंड करायचे ते. 'ग्लो ऑफ होप' रंगवले गेले १९४५-४६ मध्ये, म्हणजे बंडाच्या अगदी उंबरठ्यावर. ज्या शहरात पुढच्या वर्षी-दीड वर्षात सूझा आपली आक्रमक चित्रे घेऊन उभा राहणार होता, त्याच शहरात एक साठी उलटलेला मास्तर मुलीच्या हातात दिवा देऊन कागद ओला करत होता. इतिहासाच्या पुस्तकात हे दोघे एका पानावर मावत नाहीत. मग त्या मास्तरचे चित्र लोकांना आवडतच राहिले तर ते ठेवायचे कुठे? ज्या कपाटावर 'जुनी, सुंदर, साडीतली' अशी चिठ्ठी आहे, त्यात. त्या कपाटाचा मालक रविवर्मा.

यात रविवर्म्यांचेही नुकसानच आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. त्यांच्या स्त्रिया बहुधा कशाच्या तरी मध्ये असतात : निघालेल्या, थबकलेल्या, कुणाला तरी पाहिलेल्या, कुणी तरी पाहिलेल्या. शकुंतला काट्याचे निमित्त करून मागे वळते, दमयंती हंसाशी बोलते. त्यांनी चांदण्यातल्या स्त्रिया रंगवल्या, पण त्या चांदण्यालाही कथा असते. हळदणकरांच्या चित्रात कथा नाही, आणि हा फरक उणा-अधिकाचा नाही, जातीचा आहे. एकाला दुसऱ्यात मिसळले की दोघेही नीट दिसेनासे होतात.

या चित्राची लेकुरे मात्र मराठीत पुष्कळ झाली. १९४५ मध्येच दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला, आणि पुढची पंचवीस वर्षे दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरची स्त्री म्हणजे काय, हे दलालांनी ठरवले. ही प्रसन्न, रेषेतली, रंगांत न्हालेली स्त्री हळदणकरांच्या बाईची धाकटी बहीण शोभते. मोठीला बोलणे कमी, धाकटीला नटण्याची हौस. शाळांच्या स्नेहसंमेलनांतला 'दीपकन्ये'चा देखावा आणि फोटो स्टुडिओत तबकात दिवा घेऊन काढलेले उपवर मुलींचे फोटो, हेही याच गोतावळ्यातले. असे फोटो जोगेश्वरीतल्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये मी पाहिले आहेत, आणि ज्यांचे फोटो त्या आता आज्या झाल्या आहेत.

चित्रातल्या स्त्रीबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण तिच्याबाबतीत सगळे उलटे घडले. चित्रकलेच्या इतिहासात सहसा चित्रकाराचे नाव उरते आणि समोर बसलेल्या बाईचे जाते. रविवर्म्यांसमोर बसलेल्या स्त्रियांपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? गायिका अंजनीबाई मालपेकर त्यांच्यासाठी बसल्या होत्या असे सांगितले जाते. त्यांचे नाव आपल्यापर्यंत आले ते मुळात गाण्यामुळे. बाकीच्या लक्ष्मी झाल्या, सरस्वती झाल्या, आणि लक्ष्मी-सरस्वती म्हणूनच राहिल्या. 'ग्लो ऑफ होप'मध्ये बाईचे नाव गाव सगळे ठाऊक राहिले, आणि चित्रकाराचे पुसले गेले.

गीता ही हळदणकरांची तिसरी मुलगी, लग्नानंतर कोल्हापूरच्या गीता उपळेकर. घरातून आलेली हकीकत अशी की दिवाळीचे दिवस होते, मुलगी साडी नेसून दिवा घेऊन येत होती, वडिलांनी पाहिले आणि तिला तसेच उभे केले. तीन तास ती उभी राहिली, असे सांगतात. मास्तरांच्या घरातल्या मुलींना याची सवय असते. भाजी निवडताना, वेणी घालताना 'अशीच थांब' ही आज्ञा येते आणि हातातले काम हवेत राहते.

इथे एक हिशेब करायला हवा. गीताबाई २०१८ साली १०२ वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांचा जन्म १९१६ च्या आसपासचा. चित्राचे साल १९४५-४६. तेव्हा त्या एकोणतीस-तीस वर्षांच्या असल्या पाहिजेत. या चित्राबद्दल बोलताना मात्र सर्रास 'ती मुलगी', 'ती कोवळी पोर' असे शब्द येतात; पहिल्यांदाच साडी नेसलेल्या मुलीची गोष्टही यातूनच रंगत गेली. मला चित्रातच याचे उत्तर दिसते. दिवा धरलेला हात पोरीचा नाही. त्यात अवघडलेपण नाही, दिवा सांडेल ही धास्ती नाही. शंभर वेळा हे काम केलेल्या बाईचा हात आहे तो. दोन ओळींच्या मधोमध उभी असलेली, घर कळू लागलेली, तरीही तरुण अशी ती स्त्री आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरची शांतता अजाणतेपणाची नाही. तिला 'बालिका' केल्याने चित्र गोड होते आणि पातळ होते. वडिलांनी रंगवली ती मोठी झालेली लेक.

चित्राचे इंग्रजी नावही तिला थोडे झाकते. त्या काळी प्रदर्शनात चित्र ठेवायचे तर भारदस्त इंग्रजी शीर्षक द्यायची रीत होती. निर्णय करणारे इंग्रजी वाचत. 'माझी मुलगी गीता' असे लिहून चित्र पाठवले असते तर ते व्यक्तिचित्रांच्या वर्गात गेले असते. 'ग्लो ऑफ होप' म्हटल्यावर ती आशा झाली, भावना झाली, आणि भावनेला नाव-गाव लागत नाही. १९४५-४६ म्हणजे युद्ध नुकतेच संपलेले, बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी, स्वातंत्र्य दाराशी आलेले. त्या वर्षांत आशेच्या नावाने दिवा दाखवणे लोकांना भावले असणार, हे समजण्यासारखे आहे. पण त्या नावाखाली एक माणूस उभे होते, तीन तास, हात वर धरून.

त्या माणसाला पुढे फार मोठे आयुष्य मिळाले. वडील गेल्यावर पन्नास वर्षे त्या जगल्या. या पन्नास वर्षांत चित्राच्या लाखो प्रती निघाल्या असतील, आणि त्यांतल्या कित्येकींवर, आपल्याच चेहऱ्याखाली, वडिलांऐवजी परक्याचे नाव त्यांना वाचावे लागले असेल. स्वतःचे नाव चित्राखाली यावे अशी अपेक्षा कुठलीच मॉडेल करत नाही. पण आपल्या बापाचे नाव यावे ही अपेक्षा फार नव्हती. वयाची शंभरी गाठली तेव्हा वर्तमानपत्रांना त्यांची आठवण झाली, 'दिवा घेतलेली स्त्री' कोल्हापुरात राहते ही बातमी झाली, आणि त्या बातमीच्या आधाराने सावळाराम हळदणकर हे नाव बऱ्याच घरांत पहिल्यांदा पोहोचले. ज्या कामासाठी ला तूरला एक फॉस मिळाला, ते इथे चित्रातल्या बाईने, नुसते जगून राहून केले.

गीताबाई उपळेकर २ ऑक्टोबर २०१८ रोजी कोल्हापुरात वारल्या. रविवर्मा वारले तीही तारीख २ ऑक्टोबरच, साल १९०६. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमध्ये ते चित्र छापून आले, आणि त्या दिवशी तरी त्याच्याबरोबर हळदणकरांचे नाव होते.